वाचणारीची खुर्ची

उस्मानपुऱ्यात विहाराच्या मागच्या गल्लीत जाऊन करुणाचं घर विचारलं, तर माणसं उलटा सवाल करतात, "कोणती करुणा? ब्लाउजवाली का पुस्तकवाली?" दोन्ही एकच, हे कळल्यावर नव्या माणसाला नवल वाटतं. गल्लीला वाटत नाही. गल्लीनं बावीस वर्षं तिला तशीच पाहिलीय. खिडकीपाशी मशीन, मशीनवर कापड, आणि उजव्या अंगाला, जिथं बाकीच्या शिलाईवाल्या कात्री ठेवतात, तिथं पालथं घातलेलं पुस्तक.

ही वाचते कधी, असं गिऱ्हाइकं विचारतात. बॉबिन भरायला मिनिट लागतं, त्या मिनिटात अर्धं पान होतं. इस्त्री तापेस्तोवर एक पान. एखादी बाई "आलेच दहा मिनिटांत" म्हणून माप अर्धवट टाकून गेली, तर आख्खं प्रकरण, कारण दहा मिनिटं म्हणून गेलेली बाई पाऊण तासाच्या आत परत येत नाही. फक्त हुक लावताना वाचायचं नाही, असा तिनं स्वतःला नियम घालून घेतलाय. एकदा कादंबरीतली बाई विहिरीच्या काठावर उभी असताना करुणानं एका शाळामास्तरणीच्या ब्लाउजचे सगळे हुक उलट्या अंगाला लावले होते.

चौकापलीकडच्या वाचनालयातले बद्रीनाथ काका तिनं परत केलेलं पुस्तक आधी झटकतात. पानांतून खडूची पूड पडते, कधी सॅटिनची चिंधी निघते. "करुणाबाई, तुम्ही वाचलेलं पुस्तक दुसऱ्याला देताना मला सांगावं लागतं, की आत जे निघंल ते तुमचं," ते म्हणतात.

वाचायची गोडी तिला लागली तीही सुईमुळंच. सिल्लोडच्या पुढं तिचं माहेर. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पुस्तकांचं एक कपाट होतं आणि त्याला कुलूप होतं. किल्ली सांडू गुरुजींच्या कनवटीला. पुस्तकं पोरांच्या हातात द्यायची गुरुजींना भीती वाटे, पण पुस्तकांच्या शिवणी उसवत चालल्या होत्या, त्याचीही काळजी होती. करुणाची आई गावात गोधड्या शिवायची. गुरुजींनी पोरीजवळ फाटकी पुस्तकं दिली, आईकडून जाड दोऱ्यानं टाचून आण म्हणाले. आईला वेळ कुठला? करुणाच टाचायला शिकली. आणि टाचण्याआधी वाचून काढायची. वाचून झाल्याशिवाय सुईला हात लावायचा नाही. "एवढ्या एका पुस्तकाला आठ दिवस लागतात व्हय गं?" गुरुजी विचारायचे. "दोरा सारखा तुटतोय गुरुजी," ती सांगायची. असं खोटं बोलत बोलत तिनं आख्खं कपाट संपवलं. दहावीनंतर लग्न झालं आणि ती शहरात आली. नवरा कडुबा चितेगावच्या एका कंपनीत लागलेला. शांत माणूस. बायको वाचत बसली तर स्वतःच्या हातानं चहा करून घेणारा, आणि चहा करताना तिच्यासाठीही टाकणारा.

एवढं सगळं बरं असताना एक गोष्ट मात्र करुणाच्या स्वभावात पहिल्यापासून आहे. दुसरी कुणी तिच्यापेक्षा पुढं गेली की तिच्या पोटात दुखतं. ती ते बोलून दाखवत नाही, तोंडानं कौतुकच करते. पण दुखतं.

मनकर्णाबाईंच्या ओसरीवर दुपारची बैठक कशी सुरू झाली ते आता कुणाला नीट आठवत नाही. मनकर्णाबाई म्हणजे गल्लीतल्या सगळ्यांत जुन्या. सत्तरी ओलांडलेली, पण सुईत दोरा अजून स्वतः ओवतात आणि तो ओवल्यावर सगळ्यांना दाखवतात. पावसाळ्याच्या तीन महिन्यांत विहारात ग्रंथाचं वाचन चालतं, तिथं करुणा वाचायची. वर्षावास संपला की बायांना दुपारी चुकल्यासारखं व्हायचं. एका वर्षी मनकर्णाबाई म्हणाल्या, "ग्रंथ झाला, आता गोष्टीचं वाच की. हात रिकामे नसतात, पण कान तर असतात." तेव्हापासून हिवाळाभर दुपारी दोन ते चार बाया ओसरीवर सतरंजी टाकून गोधडी शिवतात आणि करुणा खुर्चीवर बसून कादंबरी वाचते.

खुर्ची साधी प्लॅस्टिकची, मागच्या एका पट्टीला चीर गेलेली. पण ती ओसरीवर एकच होती आणि ती वाचणारीची होती. एरवी दिवसभर करुणाची मान मशीनवर वाकलेली. त्या दोन तासांत मात्र तिची मान वर असायची आणि बाकी सगळ्यांच्या माना खाली. तिनं आवाज चढवला की सुया थांबायच्या. तिनं पान उलटताना मुद्दाम वेळ लावला, तर कुणीतरी ओरडायचंच, "आगं उलट की माय, जीव घेतीस का!" ते ऐकायला ती मुद्दाम वेळ लावायची. अकरा वर्षं हे असं चाललं.

यंदाच्या जानेवारीत लीलाबाईच्या नातीसाठी गोधडी घातली होती. लीलाबाई शेजारची, अठ्ठावन्न वर्षांची, फटकळ. लेकीला पहिली मुलगी झालेली, म्हणून जुन्या सुती लुगड्यांचे पदर निवडून निवडून काढले होते. आणि वाचायला करुणानं एक कादंबरी आणली होती, तालुक्याच्या गावात खानावळ चालवणाऱ्या दोन बहिणींची. थोरली कावेरी, धाकटी शेवंता. शेवंताला परगावी नोकरीचं पत्र येतं आणि कावेरी ते पिठाच्या डब्याखाली दडवून ठेवते. बाया पार गुंतल्या होत्या. लीलाबाई तर कावेरीला रोज शिव्या घालायची.

त्यातच करुणाकडं एका लग्नघरचे अकरा ब्लाउज आले, अस्तराचे, आणि तारीख चार दिवसांवर. दुपार काढणं अशक्य होतं. तिनं पुस्तक नेऊन मनकर्णाबाईंकडं दिलं. म्हणाली, "चार दिवस थांबा. नाहीतर असं करा, सुलेखाला वाचू द्या तेवढ्यापुरतं."

सुलेखा म्हणजे मनकर्णाबाईंची नातसून, प्रणयची बायको. दिवाळीच्या आधी लग्न होऊन आलेली, माहेर सिल्लोडचं, डी.एड. झालेली. नोकरी नव्हती, शोधत होती. आली की दारातून "जयभीम काकू" म्हणायची. काकू म्हटलेलं करुणाला आवडायचं नाही, पण सव्वीस वर्षांच्या पोरीनं दुसरं काय म्हणायचं?

चार दिवसांनी ब्लाउज संपवून, हात धुऊन, करुणा दोनला पाच कमी असताना ओसरीवर गेली. खुर्चीवर सुलेखा बसलेली होती. पुस्तक मांडीवर.

"ये गं, बस," मनकर्णाबाई सतरंजीवर हात आपटत म्हणाल्या. "ही बाजू तुझी. लीलाच्या टाक्यांत मूग सांडतील एवढं अंतर पडतंय."

"माझे डोळे गेले तर तुला काय चेष्टा सुचती गं," लीलाबाई म्हणाली.

सुलेखा अर्धी उठली. "काकू, तुम्ही बसा ना इथं."

"अगं बस गं पोरी," लीलाबाईनंच तिला खाली दाबलं. "करुणा, तुला म्हणून सांगते, हिचं ऐकून बघ एकदा. कावेरी बोलली की कावेरीच बोलतीय वाटतं. अन् तो खानावळीतला मुनीम! माय माय माय, त्याचं नाकातलं बोलणं! काल मी सुई टोचून घेतली हसता हसता."

"अन् तुझा टाका लई बारीक," मनकर्णाबाई म्हणाल्या. "वाचणाऱ्या मिळतील, असा टाका मिळत नाय. बस."

यात कुणी वाईट बोललं नव्हतं. तिचं कौतुकच केलं होतं. तिच्या हाताचं कौतुक करून त्यांनी तिला जमिनीवर बसवली. करुणा हसली, बसली, सुई घेतली.

सुलेखा वाचायला लागली आणि करुणाला कळलं की ही खरंच चांगली वाचते. वाईट वाचली असती तर बरं झालं असतं. ती बहिणींचे आवाज वेगळे काढायची, पण नाटकी करायची नाही. जिथं करुणा आवाज चढवायची, तिथं ही उतरवायची, आणि बाया ऐकायला पुढं वाकायच्या. करुणा स्वतःही वाकली. आपण वाकलोय हे ध्यानात आल्यावर तिला असा राग आला की तिनं दोरा खसकन ओढला.

"अगं अगं, चुण्या पडल्या बघ कापडाला," मनकर्णाबाई म्हणाल्या. "कुणावरचा राग काढतीस त्या दोऱ्यावर?"

"दोराच कच्चाय," करुणा म्हणाली.

आठवडाभर ती अशी बसली. रोज वाटायचं, आज सुलेखा म्हणेल, काकू, आज तुम्ही वाचा. पहिले दोन दिवस ती म्हणालीही, पण बायांनी तिला बोलू दिलं नाही, आणि करुणाच्या तोंडून "वाच गं, वाच" असंच निघालं. घरी आल्यावर ते शब्द तिला आठवायचे. कडुबाला तिनं सांगितलं, पण नीट सांगता येईना.

"मग बरंच की," तो म्हणाला. "वाचू दे तिला. तुला तरी घसा कोरडा करायची काय हौस?"

"हौसच होती," ती म्हणाली. त्याला ते कळलं नाही. त्यानं तिच्यापुढं चहा ठेवला.

पुस्तक मात्र तिच्याच कार्डावर होतं. रोज चार वाजता ती ते घरी आणायची. आता बॉबिन भरता भरता, इस्त्री तापता तापता ती तेच पुढं वाचू लागली. निदान आपल्याला आधी कळावं म्हणून. दोन दिवसांत तिनं ते संपवलं. शेवट वाईट होता. शेवंताला पत्र सापडतं, ती बसस्टँडवर जाते, कावेरी डबा घेऊन मागं धावते, बस निघून जाते. कावेरी परत येऊन चूल पेटवते आणि सवयीनं दोघींचा भात टाकते. संपलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी करुणा वाचनालयात गेली आणि पुस्तक परत करून टाकलं.

"यावर कुणाची मागणी आहे का हो?" तिनं आशेनं विचारलं.

बद्रीनाथ काकांनी पुस्तक झटकलं. "सहा वर्षांत तुम्ही दुसऱ्या. पहिला मी."

दुपारी तिनं ओसरीवर सांगितलं, "दुसऱ्या कुणीतरी मागितलं म्हणून परत द्यावं लागलं. मुदत संपली होती." बाया हळहळल्या. ऐन पत्र सापडायच्या ठिकाणी गोष्ट अडली होती. सुलेखानं करुणाकडं जरा जास्त वेळ बघितलं.

"पण तू तर पुढचं वाचलं असशीलच," लीलाबाई म्हणाली. "तू काय गप बसणारीयंस? सांग की मग. काय होतं? भेटतात का बहिणी?"

अन् अकरा वर्षांत झालं नव्हतं असं झालं. पुस्तक नव्हतं, खुर्ची रिकामी होती, आणि तरी सगळ्या जणी करुणाकडं बघत होत्या. तिनं सुई खाली ठेवली. ती सांगायला लागली. पत्र सापडतं इथपर्यंत खरं सांगितलं. बसस्टँडही खरं सांगितलं. कावेरी डबा घेऊन धावते तिथं लीलाबाईची सुई हवेत थांबली, आणि करुणाला दिसलं की लीलाबाईचे ओठ थरथरतायत. सुलेखाच्या वाचनानं लीलाबाई हसली होती. रडली नव्हती.

"...आणि बस निघते," करुणा म्हणाली. "वळणापर्यंत जाते. अन् वळणावर थांबते."

"थांबते?"

"थांबते. शेवंता उतरते. पिशवी तिथंच टाकते आणि पळत येते. डबा सांडतो, भाजी सगळी रस्त्यावर. दोघी तिथंच खाली बसतात, एकमेकींच्या गळ्यात पडून."

लीलाबाईनं पदर डोळ्याला लावला. मनकर्णाबाई म्हणाल्या, "झालं बाई चांगलं." करुणा घरी आली तेव्हा तिचे पाय जमिनीवर नव्हते. संध्याकाळी तिनं बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावली, अगरबत्ती लावली, वंदना म्हटली, पंचशील म्हणायला घेतलं. खोटं बोलणार नाही हे चौथं शील आलं आणि तिची जीभ अडखळली. ते कसंबसं पुटपुटून ती पाचव्यावर गेली. एका गोष्टीतलं तर खोटं, तिनं मनाशी म्हटलं. मुळात कादंबरी तरी कुठं खरी असते?

दुसऱ्या दिवशी लीलाबाई ओसरीवर आली ती पायऱ्या चढताचढताच बोलत. "करुणे, काल रात्री मी चतुराला फोन केला."

चतुराबाई म्हणजे तिची चितेगावची धाकटी बहीण. सहा वर्षांपूर्वी आईच्या पाटल्यांवरून दोघींत फाटलं होतं, तेव्हापासून लग्नातसुद्धा एकमेकींकडं पाठ. गल्लीला सगळं माहीत होतं.

"काय म्हणाली?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"म्हणली, आज आठवण आली का? म्हटलं, रोजच यायची, आज फोन केला. मग म्हणली, रविवारी येते, नातीला बघायला." लीलाबाई बसली आणि नाक ओढलं. "पुस्तकातल्या बाईला जमलं, मला का जमू नये म्हटलं."

ती हसली. "चांगलं केलंत लीलामावशी."

"मला ते परत ऐकायचंय पण. तुझ्या तोंडून नाय, राग मानू नको. पुस्तकातून ऐकायचंय, जसंच्या तसं. रविवारच्या आत."

"मिळणार नाही आता ते पुस्तक," करुणा घाईनं म्हणाली.

सुलेखा खालच्या आवाजात म्हणाली, "मी बघते ना मावशी."

पुढचे दोन दिवस करुणानं कसे काढले ते तिलाच माहीत. सुलेखानं आधार कार्ड दिलं, फोटो दिला, वाचनालयाची सभासद झाली. पुस्तक काय, तिथंच कपाटात पडलेलं. म्हणजे कुणी मागितलं नव्हतं, हे सुलेखाला आता कळलं असणार. आणि एकदा पुस्तक हातात आलं की शेवटही कळणार. कळल्यावर ती पोरगी काय करील? करुणा तिच्या जागी असती तर तिनं काय केलं असतं, हे करुणाला चांगलं माहीत होतं. तिनं सगळ्यांच्या देखत, गोड आवाजात वाचलं असतं. शब्द न् शब्द.

ओसरीवर न जाण्याचाही विचार आला. डोकं दुखतंय म्हणता आलं असतं. पण न जाण्यानं काय थांबणार होतं? शनिवारी ती गेली, आपल्या बाजूला बसली, सुईत दोरा ओवला.

सुलेखा खुर्चीवर बसली. पत्र सापडतं तिथपासून वाचायला लागली. करुणा मान वर न करता ऐकत होती. पत्र. भांडण. पिशवी भरणं. बसस्टँड. कावेरी चुलीवरचा भात तसाच टाकून डबा भरते आणि धावते. सगळं पुस्तकातलं, तसंच्या तसं. लीलाबाई सुई सोडून बसली होती.

"बस हलली," सुलेखानं वाचलं. "कावेरीच्या हातातला डबा..."

ती थांबली. करुणानं डोळे मिटले.

"...बस वळणापर्यंत गेली," सुलेखा पुढं वाचू लागली. "आणि वळणावर धुरळ्यात थांबली."

करुणानं वर बघितलं. सुलेखाची नजर पानावर होती, पण हलत नव्हती. एका जागी ठरली होती. पान अर्धंच उरलेलं होतं, हे करुणाला माहीत होतं, आणि सुलेखा वाचतच होती. शेवंता उतरली. तिच्या एका पायातली चप्पल बसच्या पायरीशीच राहिली. कंडक्टरनं ती खिडकीतून बाहेर फेकली. डबा सांडला. "भाजी सांडली गं," कावेरी म्हणाली, आणि शेवंता म्हणाली, "सांडू दे, मीठ जास्तच असतंय तुझ्या भाजीत." लीलाबाई रडता रडता हसली.

चप्पल करुणानं सांगितली नव्हती. मीठही सांगितलं नव्हतं. ही पोरगी तिला वाचवत होती. तिचं खोटं उचलून, तिच्यापेक्षा चांगलं करून, तिच्याच पदरात टाकत होती. वरून कुणाला पत्ता लागू देत नव्हती. आता करुणानं सुटकेचा श्वास टाकायला हवा होता. कुणालाही कधीच कळलं नसतं. पण तिच्या अंगाची लाही लाही झाली. वाचण्यात ही पुढं, रचण्यात ही पुढं, आणि मनाच्या मोठेपणातही हीच पुढं? जन्मभर हिच्या उपकाराखाली या सतरंजीवर बसायचं?

"थांब," करुणा म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं.

"तसं नाहीये ते."

"काकू, राहू द्या ना," सुलेखा हळूच म्हणाली.

"नाही. इकडं दे." करुणा उठली. तिच्या मांडीवरचा दोऱ्याचा रीळ गडगडत ओसरीखाली गेला. तिनं सुलेखाच्या हातातून पुस्तक घेतलं, उभ्या उभ्या ती जागा शोधली. "बस थांबत नाही. मी खोटं सांगितलं. पुस्तक कुणी मागितलं नव्हतं, तेही खोटं. हिला सगळं ठाऊक होतं, माझी लाज राखायला ती मनचं वाचत होती. आता ऐका, काय लिहिलंय ते."

आणि तिनं वाचलं. आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही, तेवढं भानच नव्हतं. बस दिसेनाशी होईस्तोवर कावेरी उभी राहिली. परत आली. चूल विझली होती, ती पेटवली. दोन मुठी तांदूळ घेतले, मग सवयीनं आणखी दोन.

करुणानं पुस्तक मिटलं आणि लीलाबाईपुढं खाली बसली. "लीलामावशी, चुकले मी. तुम्ही त्या गोष्टीच्या भरवशावर फोन केलात. मला हिचा... मला या पोरीचा हेवा वाटत होता. तुम्ही माझ्याकडं बघावं म्हणून मी ते बदललं."

लीलाबाईनं तिच्याकडं बघितलं, मग पुस्तकाकडं.

"मग? माझी बहीण काय त्या पुस्तकाला विचारून येतीय का?" ती म्हणाली. "उद्या सकाळच्या गाडीनं येतीय. पुरणाला डाळ भिजत घातलीय मी." आणि मग, जरा वेळानं, "पण आठ दिवस माझ्याशी बोलू नकोस तू. राग यायचाय मला अजून. आत्ता येत नाय, घरी गेल्यावर येईल."

"आठ काय, दहा दिवस बोलू नकोस," मनकर्णाबाई लीलाबाईला म्हणाल्या. "पण दुपारी यायचं. गोधडी पुरी व्हायचीय." मग त्यांनी करुणाकडं मान वळवली. "अन् तू! पन्नाशीला आली अन् खुर्चीपायी रडतीस? तोंडानं मागायची होती. मला वाचायचंय म्हणायचं. एवढी पुस्तकं वाचती अन् एवढं एक वाक्य बोलता येत नाय तुला?"

"मला सेहेचाळिसावं लागलंय, माय," करुणा म्हणाली.

मनकर्णाबाईंनीच मग ठरवलं. एक दिवस करुणानं वाचायचं, एक दिवस सुलेखानं. जी वाचणार नाही तिनं सुई धरायची, फुकट बसायचं नाही. कुणी ना म्हटलं नाही. करुणानं सुलेखाला "चांगलं वाचतेस गं" म्हटलं, आणि या वेळेला ते खरंच म्हटलं, म्हणून जास्त अवघड गेलं. सुलेखा म्हणाली, "तुम्ही सांगितलेला शेवट मला आवडला होता, काकू. पुस्तकापेक्षा." हेही हिला असं सहज बोलता येतं, करुणाच्या मनात आलं. संध्याकाळी पंचशील म्हणताना चौथ्यावर ती अडली नाही. पण हेव्यासाठी पाचांत वेगळं शील नाही. तो तिचा तिलाच सांभाळायचा होता.

सोमवारी करुणाची पाळी होती. नवं पुस्तक तिनं सकाळीच निवडून आणलं होतं. ती खुर्चीवर बसली, मान वर केली, पहिलं पान उघडलं. खाली तिच्या जागेवर सुलेखा बसली होती, जीभ दातात धरून, सुई मुठीत आवळून. तिला शिवणातलं काही येत नव्हतं. चार टाके घाली, बघे, पुढं सरके. रविवारी चतुराबाई येऊन पुरणपोळी जेवून गेली होती, तरी लीलाबाई अबोल्यातच दोरा ओढत होती आणि मनकर्णाबाई गोष्टीत गुंग होत्या.

दोन पानं झाली तोवर सुलेखाची रांग कडेला सोडून गोधडीच्या मधोमध निघाली होती. खुर्चीवरून अगदी स्पष्ट दिसत होतं. करुणानं एकदा बघितलं, दोनदा बघितलं. संध्याकाळपर्यंत ते सगळं उसवावं लागणार होतं, आणि उसवायला सुलेखाच बसणार होती. सांगायला पाहिजे होतं. ती सांगणारही होती.

हे पान झालं की, तिनं ठरवलं, आणि मन लावून, सावकाश वाचू लागली.